चौथी रात्र

पोवई नाक्याजवळ, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
काचेच्या पेटीत आमचं बाळ निळ्या उजेडात निजलंय.
डोळ्यांवर पट्टी, कमरेला लंगोट,
बाकी सगळं अंग हळद लागल्यासारखं.
शालनच्या आईनं देगावहून काविळीची माळ आणलीय.
नर्स म्हणाली, आत नको, बाहेर अडकवा.
ती खुंटीला लोंबतेय, माझ्या पर्सशेजारी.

साडेदहाला हणमंताचा फोन.
"किती?"
"सोळा पॉइंट चार. सकाळी अठरा होतं."
"बरं. इकडं दिवे लावलेत. दोनला बंद करतो."

इकडं म्हणजे किकलीत, विहिरीवरच्या तुकड्यात,
तीस गुंठे शेवंती आणि वर तारेला टांगलेले बल्ब.
रात्र मधेच मोडायची,
म्हणजे झाडाला वाटतं, रात्री अजून आखूडच आहेत,
आणि ते कळी धरत नाही.
मार्गशीर्षातल्या गुरुवारांआधी त्याला फूल नकोय.

झाडाला वाटतं.
कशानं वाटतं, ते मला ठाऊक आहे.
तीन वर्षं मी मंद हिरव्या दिव्याच्या खोलीत
अंधारात वाढलेले, फिकट, लांब मानेचे कोंब वाटले.
प्रबंध राहिला. आता कराडला अकरावीला शिकवते.
फळ्यावर 'फायटोक्रोम' लिहिलं की मागच्या बाकावर हसू फुटतं.

पेशीत आधी एक प्रथिन विणलं जातं.
घड्या पडत पडत त्यात एक खोबण राहते,
रिकामी.
तोवर ते आंधळं.
रंग तिथं होतच नाही. तो दुसऱ्या घरात होतो, हरितलवकात,
आणि होतो हीमपासून.
हो, तेच हीम, रक्तातलं.
चार तुकड्यांचं ते कडं एका जागी तोडलं
की उघडून त्याची साखळी होते, हिरवी.
नडगीला मार लागला की चार दिवसांनी दिसतो ना,
तो हिरवा.

आपण तिला पुढं पिवळी करतो आणि टाकून देतो.
याला अजून नीट टाकता येत नाही, एवढाच याचा आजार.

झाड टाकत नाही.
जराशी बदलून घेतं, घराबाहेर पाठवतं,
ती जाऊन त्या खोबणीत बसते.
बांधून द्यायला कुणी येत नाही.
प्रथिनातलाच एक गंधक पुढं होतो
आणि गाठ मारतो.
अंधारातसुद्धा.

आपण ज्याचा कचरा करतो
त्याचा ते डोळा करतं.

मग लाल उजेड पडला
की साखळीतला एक सांधा वळतो,
अख्खं प्रथिन कूस बदलतं,
केंद्रकात जाऊन सांगतं: थांबा, अजून दिवस आहे.
इथं, या कातडीखाली, निळ्या उजेडात
जवळपास तसाच सांधा वळतोय.
वळला की पिवळं सुटतं, वाहतं.
हे मी शालनला सांगायला गेले,
ती बसल्या बसल्या झोपली होती.

साडेबाराला वीज गेली.
पेटी काळी.
बाळ दिसेना, श्वास तेवढा ऐकू येत होता,
की माझाच होता?
मी आकडे मोजले. एकेचाळिसाला जनरेटर बोलला.

लगेच फोन.
"तिथं गेली का?"
"गेली, आली."
"इथं नाही आली. सगळं रान काळंय."
मग जरा थांबून,
"एका रात्रीनं काय होतं का गं?"
"एका रात्रीवर झाड विश्वास ठेवत नाही."
"आणि बाळ?"
मी म्हटलं, झोप.

पहाटे लंगोट बदलायला शालननं हाक मारली.
बाराव्याला नाव आत्यानं कानात सांगायचं,
तिनं पुन्हा विचारलं, सुचलं का?
नाही.
लंगोट उघडला. गर्द, हिरवट, भरपूर.
दोघी वाकून बघत राहिलो,
आणि नाक दाबून हसलो.